माणूस आत आहे

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात जी शांतता पसरते, तिची सवय व्हायला मला नोकरीतली पहिली चार-पाच वर्षं लागली. कित्येक महिने दिवसरात्र घुमणारा आवाज एका दुपारी थांबतो. चिमणीचा धूर विरळ होत होत दिसेनासा होतो. उसाच्या गाड्या, ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या झोपड्या म्हणजे कोप्या, बैलांच्या घंटा, सगळं कुणी हलकेच उचलून नेल्यासारखं नाहीसं होतं आणि मागे उरतो तो मळीचा गोडसर, आंबूस वास. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी पस्तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता नगरला राहते. तरी उन्हाळ्याच्या दुपारी डोळा लागला की जाग येते ती त्याच शांततेत. क्षणभर वाटतं, आपण पॅनच्या मजल्यावर उभ्या आहोत, खिडकीतून ऊन आलंय आणि समोर पिराजी नाना काच उन्हात धरून बघतायत.

पॅन म्हणजे काय, ते आधी सांगते. उसाचा रस तापवून, निवळून, आटवून त्याचा पाक होतो. हा पाक ज्या भल्यामोठ्या बंद भांड्यात शिजवून त्यात साखरेचा दाणा तयार करतात, तो पॅन. त्यातली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. पाक नेमका घट्ट झाला की त्यात साखरेची अगदी बारीक भुकटी सोडतात. तिला आम्ही बी म्हणतो. त्या बियांभोवती साखर चढत जाते, दाणा मोठा होतो. पण घाई झाली, पाक फार घट्ट झाला, तर मूळ दाण्यांच्या मधे नको असलेला दुसरा बारीक दाणा उठतो आणि सगळा माल बिघडतो. तो उठायच्या आत ओळखणं, हे पॅनमनचं कसब. दर थोड्या वेळानं तो सळईनं आतला नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडात धरतो. घरी लाडवांसाठी पाकाची तार बघणाऱ्या बाईला हे काम निम्मं समजेल. उरलेलं निम्मं मला पस्तीस वर्षांतही पुरतं समजलं नाही.

पिराजी नानांना ते समजत होतं. ते मूळचे जामखेडकडचे. आईवडील ऊसतोडीला यायचे, त्यांच्याबरोबर तेही कोपीत वाढले आणि पुढे इथेच कामाला लागले. बुटके, सावळे, बोलायला कमी. नमुना बघताना त्यांचा एक डोळा बारीक व्हायचा आणि चेहऱ्यावर अशी काही तंद्री उतरायची की आजूबाजूची माणसं आपोआप हळू बोलायला लागायची. कधी मला हाक मारून काच पुढे करायचे. त्या पट्टीवर मधाच्या रंगात शेकडो चौकोनी दाणे उन्हानं पेटलेले असायचे. आमच्या दुर्बिणीतून मी जे मोजत बसायचे, ते नाना नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, आणि फरक पडला तर मी माझंच मोजमाप पुन्हा करायचे.

नोंदवहीत मात्र ते कधी लिहीत नसत. आकडा तोंडानं सांगायचे, लिहायचं काम जोडीदाराचं. खाली सही तेवढी नानांची, गोल आणि सावकाश काढलेली. मोठ्या कारागिराचा तऱ्हेवाईकपणा म्हणून आम्ही सगळे ते चालवून घेत होतो.

माझ्या शेवटच्या आठ-नऊ वर्षांत कारखान्यात बरंच नवं आलं. पॅनवर संगणकाचा पडदा बसला. सुरक्षेसाठी नवे अधिकारी आले. आधी एखादा पॅन दुरुस्तीला थांबवला की त्याच्या वाफेच्या व्हॉल्व्हला लाल फडकं बांधायची पद्धत होती. या साहेबांना ते गावंढळ वाटलं. त्यांनी छापील पाट्या आणल्या. सगळ्या पांढऱ्या, एका मापाच्या. एकीवर लिहिलेलं ‘तपासणी पूर्ण’, दुसरीवर ‘दुरुस्ती चालू’, तिसरीवर ‘माणूस आत आहे’.

त्या वर्षी हंगाम ऐन भरात होता. तीन नंबरच्या पॅनमधली एक नळी गळत होती, म्हणून तेवढा पॅन थांबवला होता आणि रफिक नावाचा फिटर आत उतरला होता. आत शिरायचं दार पलीकडच्या अंगाला, त्यामुळे अलीकडून काही कळत नसे. दुपारचे दोन वाजून गेले असतील. मी नमुने घ्यायला वर गेले, तर नुकतेच पाळीवर आलेले नाना तीन नंबरसमोर उभे. व्हॉल्व्हला पांढरी पाटी लटकत होती, लाल फडकं नव्हतं. नानांनी तिच्याकडे बघितलं, ती बाजूला सारली आणि वाफ सोडायच्या चाकावर हात ठेवला.

मी धावले कशी, ते मला आठवत नाही. माझा हात त्यांच्या हातावर होता एवढं आठवतं. चाक फिरलेलं नव्हतं. मी विचारलं, नाना, पाटी वाचली नाही का? त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच वेळी पॅनच्या आतून हातोड्याचे दोन ठोके ऐकू आले. नानांचा चेहरा राखेसारखा झाला. ते तिथेच लोखंडी पायरीवर बसले.

मग म्हणाले, “म्याडम, मला वाचता न्हाई येत. सही तेवढी गिरवाय शिकलोय.”

मी सोनईजवळच्या एका वस्तीत वाढले. वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते. आमचं बौद्ध कुटुंब. घरात भाकरी कमी पडली असेल, पण वही कमी पडली नाही. विहाराच्या मागच्या खोलीत वस्तीतली सगळी मुलं अभ्यासाला बसायची आणि वडील दिवसभर खडी फोडून आल्यावरही दाराशी बसून राहायचे, आम्ही काय वाचतोय ते ऐकत. न वाचता येणाऱ्या माणसाचा चेहरा मी लहानपणापासून जवळून पाहिला होता. आणि तरी, ज्याच्याकडून मी माझी विद्या तपासून घेत होते, त्या माणसाचा तो चेहरा इतकी वर्षं मला ओळखता आला नव्हता.

मी तक्रार केली नाही. चूक केली असेन, पण केली नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांना एवढंच सांगितलं, की पाट्या राहू द्या, पण लाल फडकंही बांधत जा. नानांनी स्वतः जाऊन रफिकला झाला प्रकार सांगितला. रफिक तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी दोघं एकत्र चहा पिताना दिसले.

हंगाम संपल्यावर मी कार्यकारी संचालकांकडे गेले. प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे जादा म्हणून आलेलं होतं, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. साहेब तसे सज्जन. बॉयलर पेटवण्याच्या समारंभात ‘माणूस हीच खरी संपत्ती’ यावर त्यांचं भाषण ठरलेलं असे, आणि देशाची प्रगती शिक्षणावाचून होत नाही, हे वाक्य त्यात हमखास यायचं. मी कामगारांसाठी वाचायला शिकवणारा आणि नवा पडदा समजावणारा वर्ग मागितला, तेव्हा मात्र ते हसले. माणसं शिकवली की निघून जातात, म्हणाले. फार वर्षांपूर्वी एकाला पॅनमनच्या अभ्यासक्रमाला पुण्याकडे पाठवलं होतं, तो शिकून आला आणि वर्षभरात कर्नाटकातल्या कारखान्यात गेला. पडद्यावर बसायला बाहेरून शिकलेली मुलं आणू, जुने पॅनमन उसाच्या यार्डात टाकू, असा त्यांचा विचार होता.

मी म्हटलं, “साहेब, हंगाम संपला की आपण कारखान्याचा एकेक नट उघडून बघतो. माणसांकडेच तेवढं कुणी बघत नाही. तीन महिने द्या. नाही जमलं तर पाठवा यार्डात.”

त्यांनी खिडकीतून गोदामाकडे बोट दाखवलं. मग जुन्या बारदानाची खोली वापरा, म्हणाले.

दुपारी दोनला पाळी बदलल्यावर आमचा वर्ग भरायचा. खोलीच्या पत्र्याला वर फटी होत्या, त्यातून उन्हाच्या पट्ट्या यायच्या आणि त्यांत उसाच्या भुश्शाचे कण तरंगत राहायचे. बाहेर लिंबाच्या झाडावर होला घुमायचा. पहिल्या दिवशी सात जण आले. नाना आठवे, दाराबाहेर उभे. मी आत बोलावलं नाही, नुसती सतरंजी दाराकडे थोडी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी ते तिच्या कडेवर बसले.

मुळाक्षरांच्या तक्त्यानं मोठ्या माणसांना लाज वाटते, हे मला लवकरच कळलं. मग मी फळ्यावर त्यांचे शब्द लिहायला लागले. वाफ. पाक. मळी. पाणी. नानांनी ‘पाक’ हा शब्द पहिल्यांदा सुटा ओळखला, तेव्हा ते फळ्याजवळ गेले आणि त्या अक्षरांवरून बोट न टेकवता हात फिरवला, गरम भांड्याची धग बघावी तसा. कोपीत वाढलेल्या मुलाच्या शाळेचं काय होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. पाऊस सरला की गाव सुटायचं आणि उन्हाळ्यात परतावं तो शाळा बंद झालेली असायची. चार वर्षं पहिलीतच नाव होतं, मग तेही गेलं.

सोपं नव्हतं. जोडाक्षरांपाशी दोघं जण सोडून गेले. नाना मधेच पंधरा दिवस आले नाहीत. डोळ्यांपुढं अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, म्हणाले. मी त्यांना नगरला नेऊन चष्मा करून आणला. साखरेचा दाणा उन्हात दिसणाऱ्या माणसाला जवळचं बारीक अक्षर दिसत नव्हतं, आणि हे कुणाच्या, त्यांच्याही, लक्षात आलं नव्हतं.

पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा नाना कारखानाभर हिंडून पाट्या वाचत होते. मोठ्यानं नाही, ओठांत. कुठल्याशा जुन्या पाटीवरचं ‘धुम्रपान’ दाखवून मला विचारलं, यातला धु चुकलाय का? चुकलेला होता. मला म्हणाले, तीस वर्षं ह्या भिंती गप हुत्या, आता नुसत्या बडबडत्यात.

नव्या पडद्यावरची अक्षरं आम्ही मराठीत करून घेतली. नाना त्यावरही बसले. एका दुपारी पडदा सगळं ठीक असल्याचं सांगत होता, पण नानांनी काच उन्हात धरली आणि नको तो बारीक दाणा उठू लागलेला त्यांना दिसला. बाहेरून आलेला पदवीधर मुलगा पडद्याच्या बाजूनं होता. तो दाणा विरघळावा म्हणून नानांनी पॅनमध्ये पाणी सोडायला लावलं आणि मग स्वतःच्या हातानं नोंदवहीत लिहिलं: ‘पडदा खोटं बोलतोय. मापकावर खपली असेल. बघा.’ मापक उघडून बघितला, त्यावर खपली होती. ते पान कार्यकारी संचालकांनी मागवून घेतलं आणि बराच वेळ टेबलावर ठेवलं होतं. यार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही.

इथे ही गोष्ट संपवता आली असती, तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी कार्यालयानं सगळ्या कायम कामगारांना आपापली सेवापुस्तकं आणि फायली तपासून सही करायला बोलावलं. लोक जात होते, सही करून येत होते. नाना म्हणाले, वाचून करतो. लेखनिकानं कपाळाला हात लावला. नाना दोन दुपारी कार्यालयातल्या बाकावर बसून, बोट ठेवून आपली सगळी फाईल वाचत होते. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते प्रयोगशाळेत आले. हातात एक पिवळा पडलेला कागद होता. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, ह्याचा अर्थ मला लागला तसाच हाय का, तेवढं सांगा.

मी कागद ओळखला. पहिल्या ओळीलाच ओळखला.

माझ्या नोकरीचं ते तिसरं वर्ष होतं. कारखान्यानं एका हुशार कामगाराला पॅनमनच्या अभ्यासक्रमाला पाठवायचं ठरवलं होतं आणि निवड पिराजी नानांची झाली होती, तिकडून त्यांच्या नावाचं पत्रही आलं होतं. तेव्हा ते तिशीच्या आतले मदतनीस होते. हे नानांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वेळच्या आमच्या वरिष्ठांनी मला कागदांचा गठ्ठा दिला आणि पॅनवर जाऊन सह्या आणायला सांगितलं. त्यात हा कागद होता: ‘घरगुती अडचणीमुळे मी सदर प्रशिक्षणास जाऊ इच्छित नाही.’ मी तो वाचला होता. मनात आलंही होतं, की एवढी चांगली संधी हा का सोडतोय? पण नवी होते, वरिष्ठांना विचारायचा धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या घरच्या अडचणीत आपण कशाला पडा, असंही वाटलं. मी कागद पुढे केला, नानांनी गोल अक्षरांत सही केली. त्यांच्या जागी वरच्यांच्या नात्यातला एक जण गेला. शिकून आला आणि वर्षभरात कर्नाटकात निघून गेला. साहेबांनी मला ज्याचा दाखला दिला होता, तोच हा.

मी हे सगळं नानांना सांगितलं. काही लपवलं नाही. टेबलावर नमुन्यांच्या बाटल्या होत्या, त्यांत दुपारचं ऊन साठलं होतं. मी त्यांच्याकडेच बघत बोलत होते.

नाना म्हणाले, “दुसऱ्या कुनी आनला असता तर घरी नेला असता मी. पुतन्याकडनं वाचून घेतला असता. तुमी आनला म्हनून तिथंच सही केली.”

आवाज चढलेला नव्हता.   मी त्यांना वाचायला शिकवलं, याचं कौतुक पुढे चारचौघांत बऱ्याचदा झालं. प्रत्येक वेळी मला तो पिवळा कागद आठवायचा. मी पंचवीस वर्षांनी त्यांना जे दिलं, ते मीच त्यांच्याकडून नेलेलं होतं.

चार-पाच दिवस नाना माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका दुपारी वर्ग संपल्यावर मागे थांबले. मी विचारलं, नाना, काय करायचं ठरवलंय? तक्रार करायची असेल तर मी लिहून देते, माझं नाव घालून. ते नको म्हणाले. ते वरिष्ठ तर वारलेच होते.

“मला तिथं जायचंय,” नाना म्हणाले. “त्या कोर्साला.”

मी पुन्हा साहेबांकडे गेले, आणि या वेळी कागद बरोबर नेला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, वाईट झालं, पण मॅडम, यांची नोकरी आता चार वर्षं उरली. या वयात यांना शिकवून कारखान्याला काय मिळणार? मी म्हटलं, चार वर्षांत ते ज्यांना शिकवतील त्यांची नोकरी तीस-तीस वर्षं उरली आहे. साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी पत्र तयार करायला सांगितलं. टंकून आल्यावर नानांना बोलावलं, खुर्ची दिली आणि पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. नानांनी चष्मा लावला. तीन ओळींचं पत्र वाचायला त्यांना बराच वेळ लागला.  एका जागी थांबून त्यांनी ‘प्रायोजित’चा अर्थ विचारला. तो कळल्यावर सही केली.

नाना गेले. चोपन्नाव्या वर्षी, विशी-पंचविशीतल्या मुलांबरोबर वसतिगृहात राहिले. परत आल्यावर नोकरी संपेपर्यंत दरवर्षी दोन-तीन जण त्यांच्या हाताखाली तयार होत गेले. त्यांतले काही बाहेरच्या कारखान्यांत गेले, अगदी गुजरातपर्यंत. साहेबांनी एकदा नाराजीनं ते बोलून दाखवलं, तेव्हा नाना म्हणाले, जाऊ द्या की साहेब, तिथंबी साखरच करनार हायती. देशाच्या प्रगतीबद्दल मी समारंभांतून पुष्कळ ऐकलं. त्यातलं मला कळलेलं ते एवढंच.

वसतिगृहातून त्यांनी मला एक पत्र लिहिलं होतं. अंतर्देशीय. पोस्टमन ते प्रयोगशाळेत देऊन गेला तेव्हा मला पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखीचा वाटला, अक्षर मात्र नाही. त्या गोल, सावकाश हातानं सलग लिहिलेलं मी तोवर फार थोडं पाहिलं होतं. आधी जेवणाची तक्रार होती. मग इथली मुलं चांगली आहेत, मला आजोबा म्हणतात, रोज संध्याकाळी मी त्यांना काच कशी धरायची ते दाखवतो, असं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं:

‘पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांपुढं विचारलं की पिराजीराव, या वयात कसं काय येणं केलं. मी म्हणलं, सर, तुमचं पत्र मागंच आलं हुतं. वाचायला उशीर झाला.’